चोविसाव्या हिश्श्याचा ट्रक

आमच्या लामत्याच्या शाळेत माझ्या टेबलावर एक ट्रक उभा आहे. त्याची लांबी एका फुटाहूनही थोडी कमी, म्हणजे २९ सेंटिमीटर आहे. मागची कडी काढली की त्याचा फाळका खाली पडतो. टपावर ताडपत्रीची घडी दोराने बांधलेली आहे, आणि पुढच्या जाळीवर तीन टोकांची एक चांदणी आहे. शाळेत येणारे पालक तो पाहून प्रथम हसतात. मग ज्या कागदावर सही करावयास आले तो कागद बाजूस राहतो आणि ते वाकून त्याच्या चाकांखाली पाहू लागतात. हा ट्रक कसा झाला, आणि तो होत असताना इतिहास शिकविणाऱ्या एका मास्तराला कोणता इतिहास नव्याने शिकावा लागला, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

प्रथम खेळणे आणि प्रतिकृती यांतील भेद सांगतो. दिवाळीत आपली मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. त्यातला मावळा तटाहून उंच असतो, आणि महाराजांच्या घोड्यास दरवाजातून आत जावयाचे तर गुडघे टेकावे लागतील. आम्हां ख्रिस्ती कुटुंबांतून नाताळच्या दिवसांत गव्हाणीचा देखावा मांडतात. तेथेही तीच तऱ्हा. गोठ्याचे छप्पर मेंढपाळाच्या खांद्याशी आणि कोकरू बैलाएवढे! भक्तीला आणि हौसेला मोजपट्टी लागत नाही, आणि लागूही नये. परंतु प्रतिकृती करणारा मनुष्य एकदा एक प्रमाण पत्करतो आणि मग त्या प्रमाणाचा चाकर होतो. ट्रकच्या प्रतिकृती करणारे बहुधा एकास चोवीस किंवा एकास पंचवीस हे प्रमाण घेतात. एकास चोवीस म्हणजे मूळच्या एका फुटाला अर्धा इंच. सात मीटरांचा ट्रक या हिशेबाने २९ सेंटिमीटरांचा होतो, आणि तीन सेंटिमीटर जाडीची फळी सव्वा मिलिमीटरची होते.

यातला एक हिशेब मी वर्गात मुलांस नेहमी घालतो. लांबी चोविसावा हिस्सा झाली, तर वजन कितवा हिस्सा होईल? मुले एका सुरात सांगतात, चोविसावा. परंतु लांबी, रुंदी आणि उंची अशी तिन्ही मापे चोविसाव्या हिश्श्याला आली, म्हणजे चोविसास चोविसाने दोनदा गुणावे लागते आणि उत्तर येते १३,८२४. दहा टनांचा भरलेला ट्रक, त्याच लाकडालोखंडाचा चोविसाव्या हिश्श्याने केला, तर तो पाऊण किलोहूनही किंचित हलका भरेल. फळ्यावरचा घन मुलांस जे सांगत नाही ते हा हातातला ट्रक सांगतो.

ही विद्या आली कोठून? लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांच्या एका खेळण्याचे पेटंट घेतले. पुढे १९०७ पासून ते खेळणे मेकॅनो या नावाने जगभर गेले. त्याच कारखान्यातून खेळण्यातल्या रेल्वेच्या आसपास मांडण्यासाठी म्हणून १९३३ च्या अखेरीस सहा ओतीव वाहनांचा एक संच निघाला. त्यात मोटारी होत्या, ट्रॅक्टर होता, रणगाडा होता आणि एक ट्रकही होता. पुढल्याच वर्षी या वाहनांस डिंकी हे नाव मिळाले. म्हणजे चिमुकल्या जगात ट्रक आला तो आगगाडीच्या मागोमाग, तिच्या स्थानकापुढे उभे राहण्यासाठी. आमच्या लामत्यातही खरा ट्रक तसाच आला. पण ती हकीकत पुढे सांगेन.

यानंतर १९५३ साली लंडनमध्ये आगपेटीएवढ्या डब्यांतून मॅचबॉक्स नावाची वाहने विकावयास आली. तिच्या जन्माची गोष्ट शिक्षकांस आवडावी अशीच आहे. कारखान्याचे भागीदार जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत, आगपेटीत मावेल एवढेच खेळणे आणावे असा नियम होता. म्हणून बापाने तिच्यासाठी पितळेचा एक इवलासा रस्ता दाबण्याचा रूळ केला. त्यातून हा सारा व्यापार उभा राहिला. शाळेच्या नियमातून कधीकधी चांगलेही निघते, एवढे समाधान आम्हां मास्तरांनी करून घ्यावयास हरकत नाही.

परंतु ही तयार वाहने झाली. सुटे भाग पेटीत घालून विकावयाचे आणि घेणाऱ्याने ते स्वतः जोडावयाचे, ही पद्धत प्लास्टिकबरोबर फोफावली. इंग्लंडात फ्रॉग कंपनीने १९३६ पासून विमानांचे प्लास्टिकचे संच विकले. एअरफिक्स कंपनीने १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती केली, ती मूळची ट्रॅक्टर विकणाऱ्यांच्या उपयोगासाठी. अमेरिकेतही तसेच झाले. ए. एम. टी. ही कंपनी १९४८ साली निघाली ती मोटारींच्या दुकानांत गिऱ्हाइकांस दाखविण्यासाठी छोट्या मोटारी पुरविण्याकरिता. १९५८ साली तिने त्याच मोटारी सुट्या भागांत पेटीत भरल्या आणि वर जादा भाग घातले. एकाच पेटीतून मोटार तीन तऱ्हांनी करता यावी: कारखान्यातून निघते तशी, शर्यतीची, किंवा आपल्या मनाप्रमाणे फेरफार केलेली. पुढे १९७० च्या सुमारास पीटरबिल्ट या लांब नाकाच्या अमेरिकी ट्रकचा संच आला, आणि मोटारींचा हा नाद ट्रकांसही लागला.

आता या नादाभोवती एक निराळा बाजार आहे. पेटीतले चाक पसंत नसेल तर राळेत ओतलेले दुसरे चाक मिळते, आरसे मिळतात, धुरांडी मिळतात. पितळेच्या पातळ पत्र्यातून कोरलेल्या जाळ्या मिळतात, आणि त्या करण्याची रीत वृत्तपत्रांच्या जुन्या वाचकांस परकी वाटू नये. पूर्वी छापखान्यात छायाचित्राचा जस्ताचा ठसा करीत, तो प्रकाशाने आणि तेजाबाने. पत्र्यावर प्रकाशाने पालटणारा लेप द्यावयाचा, त्यावर चित्र उमटवावयाचे, आणि उघडा राहिलेला धातू तेजाबास खाऊ द्यावयाचा. छोट्या ट्रकची पितळी जाळी अगदी अशीच होते. अलीकडे त्रिमिती छपाईच्या यंत्रातूनही असे भाग निघू लागले आहेत.

आपल्याकडेही हा छंद अगदीच अनोळखी नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्यास आले आणि तेथून निकी या नावाने ओतीव मोटारी निघू लागल्या. पुण्यास कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांच्या हयातभराच्या हौसेतून छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली लोकांस खुले झाले. त्याच्या काचेपुढे उभे राहून म्हातारी माणसेही लहान होतात. सेंटी या भारतीय कंपनीचा प्लास्टिकचा 'पब्लिक ट्रक' कितीतरी घरांत मुलांच्या खाटेखाली सापडेल, आणि काही हौशी माणसे त्याचाच पाया धरून त्यावर कारागिरी करतात.

असो. आता लामत्यास येतो. आमचे गाव बालाघाट जिल्ह्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. गोंदियाहून बालाघाट, चारेगाव, लामता करीत नैनपूरकडे जाणारी अडीच फूट रुंदीच्या रुळांची छोटी आगगाडी बंगाल-नागपूर रेल्वेने १९०३ साली सुरू केली, आणि दोन वर्षांनी ती जबलपूरपर्यंत पोचली. जंगलातले लाकूड, बांबू आणि धान्य या गाडीने जाई. पुढे रस्ते सुधारले आणि स्थानकाच्या बाहेर ट्रक उभे राहू लागले. प्रथम गाडीचा माल घेण्यासाठी, आणि नंतर तिला वगळून. १९५६ साली प्रांतांची फेररचना झाली, नागपूर व विदर्भ तिकडे गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. तरी आमची माणसे कामधंद्यासाठी गोंदियासच जात राहिली. माझ्या एका विद्यार्थ्याचे आजोबा १९६४ च्या सुमारास असेच छोट्या गाडीने गोंदियास गेले आणि ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्या एका कारखान्यात सुतारकामास लागले. गावात त्यांना सारे मिस्त्री म्हणतात. आज त्यांनी ऐंशी पार केली आहे.

त्यांचा हा नातू वर्गात गप्प बसणारा, पण हाताचा चतुर. झिजलेल्या रबरी चपलेची चाके कापावयाची, दूधभुकटीच्या डब्याच्या पत्र्याचे अंग करावयाचे आणि ओढावयास सुतळी बांधावयाची, असे त्याचे ट्रक गावातल्या निम्म्या पोरांनी ओढले आहेत. त्यास काही शास्त्रशुद्ध मिळावे या सद्‌बुद्धीने मी एका आप्ताकडून परदेशी ट्रकचा एक संच मागविला. प्रमाण एकास चोवीस, दीडशेहून अधिक तुकडे, आणि सोबत आकृत्यांचे पुस्तक. महिनाभर मुलगा शाळा सुटल्यावर माझ्याकडे बसे. तुकडे चौकटीतून कापून, कानशीने घासून, जोडून, रंगवून त्याने तो ट्रक पुरा केला. काम नामी झाले होते. मी अभिमानाने तो मिस्त्रींस दाखवावयास नेला.

मिस्त्रींनी तो तळहातावर घेतला, उलटा केला, पाट्यांच्या स्प्रिंगा पाहिल्या, मान डोलावली. मग सरळ करून बराच वेळ केबिनमध्ये पाहत राहिले आणि म्हणाले, "काम चोख आहे, गुरुजी. पण यात क्लीनर कुठं बसणार? ताडपत्री कुठं ठेवणार? आणि हा ट्रक आहे कोणाचा?"

मी म्हटले, "अमेरिकेतला आहे, काका."

"मग त्यांच्या मिस्त्रीनं केला असंल," असे म्हणून त्यांनी तो माझ्या हाती परत दिला.

त्यांच्या त्या वाक्यात एक चूक होती, आणि तीच माझ्या डोळ्यांत अंजन घालणारी ठरली. अमेरिकेतल्या त्या ट्रकची केबिन कोणा गावच्या मिस्त्रीने केलेली नसते. ती कारखान्यात ठरीव साच्यात दाबून निघते. तिची रेखाचित्रे कारखान्याच्या दप्तरी असतात, आणि त्यांवरून छोट्या प्रतिकृतीचा साचा करणे शक्य होते. आपल्या ट्रकचा जन्म मात्र निराळ्या रीतीने होत असे.

मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सने १९२८ साली मोटारी व ट्रक जोडण्याचा कारखाना काढला. म्हणजे परदेशाहून पेट्यांतून सुटे भाग यावयाचे आणि येथे ते जोडावयाचे. प्रतिकृतीच्या संचाचाच हा थोरला भाऊ म्हणावयाचा! स्वातंत्र्यानंतर नुसती जोडणी पुरे नव्हे, येथे उत्पादन करा, असे सरकारचे धोरण झाले, आणि १९५४ साली जनरल मोटर्सने आपला गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्यात डॉज आणि फार्गो नावांचे ट्रक काढले. मद्रासजवळ एन्नोर येथे १९५५ पासून अशोक लेलँड नावाने ट्रक निघू लागले. आणि १९५४ साली जमशेदपूरच्या टाटांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक काढला. त्याच्या नाकावर तीन टोकांची चांदणी असे. १९६९ साली करार संपला, चांदणी गेली आणि तेथे टाटांचे स्वतःचे अक्षर आले.

परंतु कारखाना कोणताही असो, तेथून बहुधा जे बाहेर पडे तो पुरा ट्रक नसे. लोखंडी सांगाडा, म्हणजे ज्यास चॅसी म्हणतात ती, तीवर इंजिन, चाके, नाकाडे आणि चालकाच्या पुढची भिंत, एवढाच तो ऐवज. चालक एखाद्या तात्पुरत्या बैठकीवर बसून, तोंडास फडके गुंडाळून, उघड्या वाऱ्यापावसात ही चॅसी शेकडो मैल हाकीत आणी. माझ्या वयाच्या श्रोत्यांनी हमरस्त्यावर अशा चॅसींच्या रांगा पाहिल्या असतील. मग मालक ती बॉडी बांधणाऱ्याकडे नेऊन उभी करी. तेथे सुतार सागाची चौकट करून केबिन उभारी, लोहार कोन आणि कड्या ठोकी, पत्रेवाला पत्रा चढवी, तळाला जाड फळ्या पडत, बाजूंस फाळके लागत, आणि शेवटी रंगारी येऊन फुले, मोर, मालकाच्या आईचे नाव आणि 'हॉर्न ओके प्लीज' काढी. तमिळनाडूतल्या नामक्कलपासून पंजाबातल्या सरहिंदपर्यंत गावागावांची घडण निराळी. जाणता माणूस समोरून येणारी केबिन पाहून ती कोठे बांधली ते सांगू शके.

याला अपवाद लष्करी ट्रकचा. आमच्या छोट्या गाडीच्या दुसऱ्या टोकाला, जबलपुरास, १९५८ च्या सुमारास शक्तिमान ट्रक होऊ लागले आणि १९६९ पासून तेथे त्यासाठी स्वतंत्र वाहन कारखाना उभा राहिला. ते सारे एका मापाचे, एका रंगाचे. त्यांची प्रतिकृती करणे सोपे, कारण एक मोजला की सगळे मोजले. नागरी ट्रकचे तसे नव्हते. तो प्रत्येक निराळा, आणि त्याची रेखाचित्रे कोणाही कारखान्याच्या दप्तरी नव्हती. ती मिस्त्रीच्या डोक्यात आणि हातात होती. परदेशात हौशी मनुष्य पेटीतल्या ट्रकात मनाजोगे फेरफार करतो. येथे पुऱ्या आकाराचा ट्रक मुळातच मनाजोगा बांधलेला असे.

हे ध्यानात आल्यावर मी मुलास म्हटले, "आजोबांनी बांधलेला एक ट्रक आपण करू." संचाची चॅसी, चाके आणि इंजिन ठेवले, केबिन आणि मागची सारी बाजू काढून टाकली. आता मापे कोठून आणावयाची? मिस्त्रींनी कधी फुटपट्टी फारशी वापरली नव्हती. ते म्हणाले, "केबिनची रुंदी अकरा वीत, आतून उंची सात वीत, दाराची पट्टी चार बोटं." नातवाने आजोबांचा हात कागदावर ठेवून वीत मोजली: २१ सेंटिमीटर. अकरा विती म्हणजे २३१ सेंटिमीटर; त्याचा चोविसावा हिस्सा काढला तर साडेनऊ सेंटिमीटरांहून थोडा अधिक. सात वितींचे सहा सेंटिमीटर. हात म्हातारा झाला होता, बोटे वाकली होती, तरी मापाचा मेळ असा बसला की केबिन चॅसीवर ठेवताच जागच्या जागी बसली. तेव्हा मिस्त्रींच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले ते मी पूर्वी कोणाच्या निकालाच्या दिवशीही पाहिले नव्हते.

कामाचा तपशील हौशी श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगतो. डावीकडचे चक्र काढून उजवीकडे बसविले. तळाच्या आणि फाळक्यांच्या फळ्या आइस्क्रीमच्या काड्या पातळ घासून केल्या. बिजागऱ्या डब्याच्या पत्र्याच्या, आणि त्यांत काट्या टाचण्यांच्या. ताडपत्री म्हणजे जुन्या छत्रीचे कापड. त्यावर पातळ खळ दिली तेव्हा ती घडीत नीट बसली. नाहीतर कापडास आपण लहान झालो आहोत हे समजत नाही. ते फुगून राहते आणि सोंग उघडे पडते. रंगाचेही तसेच. जाड थर दिला की फळ्यांच्या सांधी बुजतात, म्हणून पातळ रंगाचे तीन हात द्यावे लागले. अक्षरे काढण्यास रंगाऱ्याचा सर्वांत बारीक कुंचलाही जाड पडला. शेवटी त्याचे केस कापून तीनच ठेवले.

या अक्षरांवरूनच आमचा खरा इतिहासाचा तास झाला. मुलाने जाळीवर चांदणी बसविली, केबिनवर राष्ट्रीय परवान्याची एन. पी. ही अक्षरे काढली, आणि पाटीवर बालाघाटचा एम. पी. ५० हा क्रमांक घातला. मी त्याला थांबविले. म्हटले, "बाळ, चांदणी १९६९ च्या आधीची. राष्ट्रीय परवान्याची योजना आली १९७५ साली. आणि एम. पी. ५० ही पद्धत १९८९ साली नवा मोटार कायदा अमलात आल्यानंतरची. त्यापूर्वी पाटीवर तीन अक्षरे असत. तू तीन काळ एका ट्रकवर बसविले आहेस. इतिहासात याला कालविपर्यास म्हणतात."

मिस्त्री ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "गुरुजी, पाटीचं तुमचं खरं. ट्रक जुना तर त्याचा नंबरही जुनाच राहणार. पण चांदणीचा ट्रक मी सदुसष्ट साली बांधला. पुढं त्याच ट्रकला परवाना मिळाला तेव्हा त्याच चांदणीच्या वर आमच्या रंगाऱ्यानं ती अक्षरं काढली. एका ट्रकला मी स्वतः दोनदा नवी केबिन चढवली आहे. ट्रक काही एका साली होत नाही."

मी निरुत्तर झालो. पुस्तकातली साले मला पाठ होती, पण सालांवर साले कशी चढतात, हे त्या हाताला ठाऊक होते. जुन्या देवळाचे जोते एका काळचे, शिखर दुसऱ्या काळचे आणि सभामंडप तिसऱ्या काळचा असतो, हे मी मुलांस शिकवीत आलो होतो. तोच न्याय ट्रकास लावावयाचे मला सुचले नव्हते. प्रतिकृती करणाऱ्यापुढे म्हणूनच एक प्रश्न असतो: कोणत्या दिवशीचा ट्रक करावयाचा? साल ठरविल्यावाचून रंगाचा डबासुद्धा उघडता येत नाही. आम्ही मिस्त्रींस विचारले. त्यांनी १९६७ चा, कारखान्यातून बाहेर पडण्याच्या दिवसाचा ट्रक निवडला. नारळ फुटला, पण पहिला माल अजून चढलेला नाही असा. म्हणून आमच्या ट्रकवर एन. पी. नाही, चिखल नाही आणि चाकांना गंजही नाही. पाटीची तीन अक्षरे आणि आकडे मिस्त्रींनी सांगितले तसे घातले.

श्रोतेहो, एवढ्या लहान वस्तूवर इतका वेळ का घालवावा, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आमच्या गावातच आहे. आमची छोटी आगगाडी २०१५ साली बंद पडली. २०२१ पर्यंत गोंदियापासून जबलपूरपर्यंत रुंद रूळ आले आणि मोठी गाडी धावू लागली. प्रवाशांची सोय झाली, हे चांगलेच झाले. त्या जुन्या गाडीची आठवण मात्र पुरती बुडाली नाही. नागपुरास मोतीबागेत २००२ सालापासूनच छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. तेथे इंजिने आहेत, डबे आहेत. रेल्वेचे प्रत्येक माप कागदावर होते, म्हणून उद्या कोणास ती पुन्हा छोट्या प्रमाणात करावीशी वाटली तर करता येईल.

गोंदियाच्या त्या मिस्त्रींच्या केबिनचे माप कोठे आहे? ट्रक भंगारात जाऊन वितळतो. लाकूड त्याआधीच चुलीत जाते. आता केबिन कारखान्यातूनच तयार येऊ लागली आहे. मालवाहू गाड्यांच्या अंगबांधणीस सरकारी नियम लागू झाले. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन असलेच पाहिजे, असाही नियम झाला आहे. याचे मला दुःख नाही. मे महिन्यात इंजिनाच्या शेजारी बसून ज्यांनी बालाघाटचा घाट चढविला त्यांना थंड हवा मिळू दे. महाराष्ट्रात २०१५ साली 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरेही मना झाली, आणि रस्त्यावरचा गोंगाट पाहता त्यातही गैर काही नाही. परंतु जी गोष्ट सुखासाठी सोडून द्यावयाची तिची नोंद करून ठेवण्यास काय हरकत आहे? ज्या लाकडी केबिनींनी चाळीस-पन्नास वर्षे या देशाचे धान्य वाहिले, त्यांचे बांधणारे हात अजून काही गावांत ओट्यावर बसलेले आहेत. ते हात गेले म्हणजे वीत कोणाची मोजावयाची?

म्हणून माझी आपणांस एक विनंती आहे. आपल्या गावात ट्रकची, बैलगाडीची, एस. टी.ची, होडीची, कशाचीही बांधणी केलेला वृद्ध कारागीर असेल, तर घरातल्या मुलास त्याच्याकडे पाठवा. मात्र सोबत कागद आणि पट्टी द्या. परदेशी संच हवाच असे नाही, पुठ्ठाही चालेल. प्रमाण तेवढे सोडू नका, आणि साल विचारावयास विसरू नका. मुलास भूमिती येईल, आणि म्हाताऱ्याचे ऐकण्यास कोणी मिळेल. दोघांच्या मधोमध जी वस्तू तयार होईल ती आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाचे एक अस्सल साधन ठरेल.

आमचा ट्रक पुरा झाला तेव्हा मी तो मिस्त्रींच्या घरीच ठेवावा असे म्हटले. त्यांनी नाही म्हटले. म्हणाले, "घरी ठेवला तर मीच पाहीन. शाळेत असू द्या, पोरं पाहतील." मग त्यांनी केबिनचे डावे दार बोटाच्या टोकाने उघडले, आत वाकून पाहिले आणि ते नातवाला म्हणाले, "क्लीनरच्या बाकाला एक पट्टी कमी पडली रे. पोरगं खाली पडंल."

त्या रविवारी मुलाने दार काढून ती पट्टी बसविली. ती बाहेरून दिसत नाही. पण ती तेथे आहे.